समालोचकाच्या शेजारची खुर्ची

त्याचे दोन्ही गुडघे गेलेले होते, आणि तरीही मला त्याचा हेवा वाटायचा. स्टेडियमच्या अगदी वरच्या टोकाला आमची समालोचनाची लाकडी खोली होती. तिथपर्यंत तो कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आडवा चढायचा. मी मागून दोघांचं सामान घेऊन यायचो. वर पोचल्यावर तो घाम पुसायचा, खुर्चीत बसायचा, हेडफोन चढवायचा आणि बोलायला सुरुवात करायचा. त्याने तोंड उघडलं की माझ्या पोटात दुखायला लागायचं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा ॲन आर्बरला राहायचो आणि विद्यापीठातल्या एका संशोधन गटात आकडेवारीचं काम करायचो. तासाभराच्या ड्राइव्हवर एक लहानसं कॉलेज होतं. त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचं धावतं समालोचन तिथलं छोटं रेडिओ स्टेशन करायचं. समालोचक आणि स्टेशनचा मॅनेजर एकच, एक म्हातारा; गुडघेवाला अजून यायचा होता. त्याला आकडे ठेवणारा माणूस हवा होता आणि मला माइकच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं होतं.

याचं कारण जुनं आहे. नागपूरला आमच्या वस्तीत जयंतीच्या आठवड्यात क्रिकेटचे सामने भरायचे आणि लाउडस्पीकरवर मी बोलायचो. सामना बघायला न आलेल्या बायासुद्धा घरात भाकरी थापता थापता माझं ऐकायच्या आणि संध्याकाळी भेटल्या की अमक्याने कॅच कसा सोडला ते मलाच ऐकवायच्या. पुढे रेडिओसाठी आवाजाची चाचणी दिली, त्यात नापास झालो. मग शिष्यवृत्ती, अमेरिका, नोकरी, लग्न, सगळं रीतसर झालं. पण कोणी माइक हातात घेतला की माझं लक्ष बोलण्याकडे कमी आणि माइककडे जास्त असायचं.

म्हाताऱ्याने मला स्पॉटर केलं. स्पॉटर म्हणजे समालोचकाच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसणारा माणूस. मैदानावर बावीस जण एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात, त्यात चेंडू कोणाकडे होता आणि त्याला कोणी पाडलं हे वरून एका नजरेत दिसत नाही. समोर एक मोठा पुठ्ठा असतो, त्यावर सगळ्या खेळाडूंची नावं. स्पॉटर चेंडू नेणाऱ्याच्या नावावर बोट ठेवतो, पाडणाऱ्याच्या नावावर दुसरं बोट. समालोचक त्या बोटाकडे बघतो आणि जणू स्वतःच पाहिलं अशा थाटात ते नाव घेतो. स्पॉटरने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, कारण माइक उघडा असतो. म्हणजे बोलण्याच्या खोलीत मुकं बसण्याची नोकरी मी आवडीने पत्करली होती.

तीन वर्षं मी ती चोख केली. माझं बोट एकदाही चुकलं नाही, हे मी फुशारकीने नाही, हिशेबाने सांगतो. म्हातारा मला प्रोफेसर म्हणायचा, मी प्रोफेसर नव्हतो तरी. चौथ्या वर्षी त्याने मला सामन्याआधीची पाच मिनिटं दिली. दोन्ही संघांचे आकडे काय सांगतात ते मी बोलायचं. माझ्या इंग्रजी उच्चारांची मला धास्ती होती, पण म्हातारा म्हणाला, "तू बोल, लोक सवय करून घेतील." बायकोने त्या सगळ्या पाच-पाच मिनिटांच्या कॅसेट करून ठेवल्या. एका वर्षात एक अख्खा डबा भरला.

आणि मग तो आला.

तो त्याच कॉलेजात शिकलेला, त्याच मैदानावर खेळलेला. तिथून थेट व्यावसायिक संघात गेला. बचावाच्या मधोमध उभा राहून समोरून येणाऱ्याला आडवं करणं हे त्याचं काम. ते त्याने नऊ हंगाम केलं. मग एका सकाळी फोनवर दोन वाक्यांत त्याला काढून टाकलं आणि तो आपले गुडघे घेऊन गावी परत आला. काही दिवस त्याने विमा विकला. लोक विमा घ्यायचे नाहीत, पण त्याला बसवून घेऊन जुन्या सामन्यांच्या गोष्टी ऐकायचे. म्हाताऱ्याने हे कुठल्याशा दुकानात पाहिलं आणि त्याला माइकवर आणून बसवलं.

सामन्याआधीची पाच मिनिटंही त्यालाच मिळाली. म्हातारा मला म्हणाला, "प्रोफेसर, समजून घे. लोकांना त्याचा आवाज हवाय." मी म्हणालो, "ऑफ कोर्स." आणि गाडीत बसून स्टिअरिंगवर मूठ आपटली.

तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी कॉफी आणायचा, आणि ती चढवत आणताना जिन्यावर अर्धी सांडायची. त्याला आकडे कळायचे नाहीत, व्याकरण कच्चं, मैदानाच्या डाव्या-उजव्या बाजूंचा गोंधळ. मी हे सगळे दोष मनातल्या मनात टिपून ठेवायचो. पण तो म्हणायचा, "आता बघा, हा उजवीकडचा पोरगा खोटं बोलतोय. त्याचे पाय आत वळलेत, तो येणार नाही, मागे जाणार," आणि तो पोरगा खरंच मागे जायचा. मी तीन वर्षं त्याच पोरांकडे दुर्बिणीतून बघत होतो. मला त्यांच्या पाठीवरचे नंबर दिसत होते.

घरी बायकोला मी त्याच्या चुका ऐकवायचो. ती स्वयंपाक करता करता ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "अहो, पण किती छान बोलतो ना तो! मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तरी मी रेडिओ बंद नाही केला." मी बोललो होतो तेव्हा तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं, पण ती शेवटपर्यंत ऐकत होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायची सोय राहिली नव्हती.

एकदा तिने त्याला जेवायला बोलावलं. आमच्याकडचं वऱ्हाडी मटण त्याने घाम गाळत तीनदा वाढून घेतलं आणि बायकोला म्हणाला, आमच्या कोचचं ओरडणंसुद्धा याच्यापेक्षा सौम्य होतं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. शेजारच्या अपार्टमेंटमधले काका, निवृत्त इंजिनियर, त्याला बघायला मुद्दाम आले होते. त्यांनी त्याच्याकडून नातवासाठी ऑटोग्राफ घेतला आणि मला दारात हळूच विचारलं, "काय हो, तुम्ही पण तिथेच असता ना? काय करता एक्झॅक्टली?"

"बोट दाखवतो," मी म्हणालो.

काकांना वाटलं मी गंमत करतोय. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढच्या हंगामात म्हाताऱ्याचा घसा बसायला लागला. एका शनिवारी मध्यंतरात त्याने स्वतःचा, मुख्य माइक त्या जुन्या खेळाडूपुढे सरकवला आणि म्हणाला, "सेकंड हाफ तुझा." आतापर्यंत तो म्हाताऱ्याच्या बोलण्यानंतर दोन शब्द घालायचा. आता खेळ चालू असताना क्षणाक्षणाला काय घडतंय ते त्यालाच सांगायचं होतं. म्हातारा घशाला गरम काही घ्यायला खाली उतरला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. पाच वर्षं मी त्या माइकपासून दीड हातावर बसलो होतो आणि दीड वर्षात तो माणूस तिथे पोचला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "प्रोफेसर, मला एकटं सोडू नकोस."

कॉलेजच्या फुटबॉलमध्ये एक गंमत असते. संघात पोरं इतकी असतात की एकच नंबर दोघांना दिलेला असतो, एक चढाईतला आणि एक बचावातला. दोघं एकाच वेळी मैदानात येत नाहीत, एवढंच बघायचं. आमच्या संघात दोन बावीस होते. एक संघाचा हिरो, ज्याचं नाव गावातल्या दुकानांच्या पाट्यांवर होतं. दुसरा शेवटच्या वर्षाचा राखीव, चार वर्षं बाकावर बसलेला. मध्यंतरानंतरच्या पहिल्या किकचा चेंडू झेलून परत पळायचं काम हिरोचं असायचं. पण त्या दिवशी हिरोचा घोटा जरा सुजला होता, म्हणून बाकीचा खेळ तो खेळत असला तरी किक झेलायला नव्हता. मैदानावर राखीव बावीस उभा होता. मला दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होता, हिरोपेक्षा वीतभर बुटका, एक मोजा खाली घसरलेला.

किक बसली. चेंडू राखीव बावीसच्या हातात आला आणि ते पोरगं सुटलं. एकाला चुकवलं, दोघांच्या मधून निघालं, पार मैदानाच्या मध्यापर्यंत गेलं. शेजारी तो अर्धवट उभा राहिला होता, आवाज चढत चालला होता, आणि त्याने नावासाठी पुठ्ठ्याकडे नजर टाकली.

मी बोट हिरोच्या नावावर ठेवलं.

त्या वेळी मी काय विचार करत होतो हे लोकांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, घाई झाली. कोणी विचारलं नाही म्हणून खरं सांगतो. याने सांगितलेली पहिलीच धाव फसावी, लोकांनी फोन करून हसावं, म्हाताऱ्याने माइक परत ओढून घ्यावा, एवढं सगळं मी त्या अर्ध्या सेकंदात मनात आणलं होतं.

त्याने हिरोचं नाव गर्जून घेतलं. थंडीमुळे खोलीची काच बंद होती, कानांवर हेडफोन होते, मैदानातल्या स्पीकरवर पुकारलेलं खरं नाव त्याला ऐकू गेलं नाही. अशी चूक झाली की चिठ्ठी लिहून पुढे सरकवायची आमची पद्धत होती. मी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या थर्मासखाली ठेवून दिली. थोड्या वेळाने म्हातारा वर आला तेव्हा खेळ पुढे गेला होता.

लोक हसले नाहीत. उलट, त्याने सेकंड हाफ काय रंगवला, असेच फोन आले. फक्त गुरुवारी एक पत्र आलं. हायवेवरच्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्या बाईचं. राखीव बावीसची ती आई. त्या दिवशी किक हिरो नाही, आपण झेलणार, हे मुलाने सकाळीच फोन करून सांगितलं होतं. तिला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून किकच्या वेळी तिने काउंटरवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना गप्प बसवून रेडिओ मोठा केला. मग ती धाव सगळ्यांनी ऐकली आणि नाव दुसऱ्याचं ऐकलं. आपल्या मुलाला आत घेतलंच नाही असं समजून ती पुन्हा टेबलं पुसायला लागली. संध्याकाळी मुलाकडून तिला कळलं. पत्रात राग नव्हता. शेवटी लिहिलं होतं, "तो माझा मुलगा होता, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं."

म्हाताऱ्याने ते पत्र आम्हा दोघांसमोर वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. नाव चुकलं की स्पॉटरकडेच बघतात. तेवढ्यात तो म्हणाला, "चूक माझी. बोलत मी होतो."

पुढच्या शनिवारी, सामन्याआधीच्या त्या पाच मिनिटांत, त्याने माफी मागितली. कसली लांबड लावली नाही. म्हणाला, मागच्या आठवड्यात मी एका मुलाची धाव दुसऱ्याला देऊन टाकली, ती आज परत करतो. आणि डोळे मिटून त्याने ती अख्खी धाव पुन्हा सांगितली, किकपासून, जणू आता समोर घडतेय अशी. पहिल्याला कसं चुकवलं, खांदा कुठे झुकवला, मोजा खाली घसरलेला. प्रत्येक टप्प्यावर त्या मुलाचं नाव. मला वाटलं होतं तो मोजा फक्त मला दिसला. शेवटी त्याने त्या बाईला सॉरी म्हटलं, रेस्टॉरंटमधल्या सगळ्यांना आज पुन्हा एकदा गप्प करायला लावल्याबद्दल.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काय झालं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी जळलो. गुन्हा माझा, आणि त्याची माफीसुद्धा यानेच मागितली, तीही मला जन्मात जमली नसती इतकी सुंदर. त्या बाईने पुढच्या आठवड्यात त्याच्यासाठी घरी भाजलेला ॲपल पाय पाठवला. त्याने अर्धा कापून मला दिला. बायकोने तो मिटक्या मारत खाल्ला, मी एक घाससुद्धा गिळू शकलो नाही. ती म्हणाली, "तुम्हाला काय होतंय हल्ली? ॲसिडिटी का?"

त्याच महिन्यात त्याने म्हाताऱ्याला सांगून ती पाच मिनिटं मला परत मिळवून दिली. मला आकड्यांतलं काही कळत नाही, प्रोफेसरला बोलू द्या, असं म्हणाला. माझ्यासाठी दुसऱ्याने शब्द टाकावा आणि तो त्यानेच टाकावा, हेही मला खुपलं. पण पाच मिनिटं मी घेतली. निळा कोट घालून गेलो, रेडिओवर कोट दिसत नाही तरी. माइक समोर आला, लाल दिवा लागला, मी बोललो. चांगला बोललो. उच्चार अडखळले नाहीत, वेळेत संपवलं. म्हातारा खाली कोणाला तरी भेटायला गेला आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. सामन्याला अजून वेळ होता.

तो म्हणाला, "मस्त झालं. तुला एक सांगू? त्या दिवशी ती धाव बघताना मला वाटलं होतं, हा तो हिरो नाही. हिरो असा कमरेतून पळत नाही. माझे डोळे सांगत होते. पण तुझं बोट दुसरीकडे होतं, आणि तुझं बोट कधी चुकत नाही. म्हणून मी बोटाचं ऐकलं. तेव्हा चूक माझीच. तू मनाला लावून घेऊ नकोस."

नऊ हंगाम ज्या डोळ्यांवर त्याने पोट भरलं होतं, ते डोळे बाजूला ठेवून त्याने माझ्या बोटावर विश्वास ठेवला होता. मी गप्प बसलो असतो तर ते तिथेच मिटलं असतं. पण त्याने माझी समजूत काढावी, हे मला सहन झालं नाही.

"ते चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "मी मुद्दाम केलं."

त्याला आधी कळलंच नाही. मी थर्मासखालच्या चिठ्ठीचंही सांगितलं. मग त्याने विचारलं, "का?"

"मला तुझा हेवा वाटतो."

त्याने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं हसेल, किंवा उठून दोन देईल. त्याचा हात माझ्या मांडीएवढा होता. दिली असती तर बरं झालं असतं.

"त्या बाईला हे सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला. "तिचं आता मिटलंय."

म्हाताऱ्याला त्याने काही सांगितलं नाही. माझी खुर्ची राहिली, माझी पाच मिनिटं राहिली, माझ्यासाठी कॉफीही येत राहिली. सामना सुरू झाला. पहिल्याच धावेला मी नावावर बोट ठेवलं. त्याने बोटाकडे पाहिलं, आणि मग स्वतःची दुर्बीण उचलून मैदानावर खात्री करून घेतली. त्याआधी त्याच्याकडे दुर्बीण नव्हती. ती त्याने कधी मागवली होती, त्या सकाळी म्हाताऱ्याकडून घेतली की काय, मला माहीत नाही. नाव यायला एक क्षण उशीर झाला. दुसऱ्या धावेला तेच. तो हंगाम आणि पुढचा अख्खा हंगाम माझं बोट एकदाही चुकलं नाही आणि त्याने एकदाही दुर्बीण उचलायची सोडली नाही. त्यात राग नव्हता. तो फक्त खात्री करून घ्यायचा.

मग त्याला मोठ्या शहरातून टीव्हीवर बोलावणं आलं. आवाज, चेहरा, जुनं नाव, सगळं होतंच. म्हाताऱ्याने केक आणला. मी त्याला मिठी मारली, त्यानेही मला मारली. मी त्याच्याकडून काही ऐकायची वाट बघत होतो, त्याने जिन्यावर सांभाळून उतरायला सांगितलं. वास्तविक सांभाळायचं त्याला होतं.

पुढच्या शरद ऋतूत एका दुपारी बायकोने हाक मारली, "अहो, या लवकर, तुमचा मित्र टीव्हीवर!" मोठं स्टेडियम, मोठा सामना. मध्येच कॅमेरा समालोचकांच्या खोलीत फिरला. राखाडी सूट, केस नीट कापलेले, थोडा जाड झालेला. मी खुर्चीत सावरून बसलो, पोटात दुखायला लागेल म्हणून तयारीतच. त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही. छान दिसत होता, छान बोलत होता.

पडद्याच्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी, कोणाचा तरी हात होता. माणूस दिसत नव्हता, फक्त पांढऱ्या शर्टाची बाही आणि पुठ्ठ्यावर टेकलेलं बोट. त्याने त्या बोटाकडे ओझरतं पाहिलं आणि लगेच, मैदानाकडे न बघता, नाव घेतलं.

बायको म्हणाली, "बघा, किती कॉन्फिडंट वाटतो ना?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. तो हात कोणाचा होता ते मला माहीत नाही. त्याच्याइतका हेवा मला आजवर कोणाचा वाटला नाही.